त्वचाकाठिण्याचा विकार आणि मूळ पेशींचे रोपण

(आरोग्य कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या एकदिवसीय शिबिरात एका वैद्यकीय अध्यापकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या विषयाचे नाव ऐकून हा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. तो संबंध किती जवळचा आहे हे सांगण्यासाठी मी एका शिक्षिकेच्या हकिगतीपासून सुरुवात करतो.

घाटमाथ्यावरील एका गावात या बाई प्राथमिक शाळेत शिकवीत असत. हिवाळ्यात सकाळी थंड पाण्यात हात घातला की त्यांची बोटे पांढरीफटक पडत, मग निळसर होत आणि उबेला धरली की लाल होऊन ठणकत. पुढे बोटे सुजली, त्यांवरील कातडी ताणली गेली आणि खडू धरणे अवघड झाले. बोटांच्या टोकांना जखमा झाल्या तेव्हा गावात कुजबूज सुरू झाली की बाईंना महारोग झाला आहे. पालक मुलांना शाळेत पाठवीनासे झाले. या भीतीत आणि निरनिराळी मलमे लावण्यात जवळजवळ तीन वर्षे गेली. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा जिना चढताना त्यांना धाप लागत होती.

त्यांना कुष्ठरोग झालेला नव्हता. त्यांना झालेल्या विकाराला वैद्यकात ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ किंवा ‘स्क्लेरोडर्मा’ म्हणतात. ग्रीक भाषेतील ‘कठीण’ आणि ‘त्वचा’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. हा रोग संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगातील चट्ट्याला बधिरता येते. या विकारात स्पर्शज्ञान सहसा शाबूत राहते. आणि कुष्ठरोग असता, तरी तोही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. म्हणजे मुलांना घरी ठेवण्याचे कारण कोणत्याही परिस्थितीत नव्हते.

विकाराचे स्वरूप

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी हे तिचे शिपाई होत. काही व्यक्तींत हे शिपाई आपपरभाव विसरतात आणि स्वतःच्याच शरीरावर शस्त्र धरतात. अशा विकारांना स्वप्रतिकार विकार म्हणतात. त्वचाकाठिण्याच्या विकारात सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा पोहोचते आणि कोलॅजेन नावाचे तंतुमय द्रव्य प्रमाणाबाहेर साठू लागते. त्यामुळे त्वचा जाड व ताठ होते, तोंड पुरेसे उघडत नाही, बोटे आखडतात.

हे त्वचेपुरतेच थांबले असते तर विकार त्रासदायक ठरला असता, पण घातक ठरला नसता. प्रत्यक्षात हेच तंतू फुप्फुसांत, हृदयात व अन्ननलिकेतही साठतात. मूत्रपिंडांतील रक्तवाहिन्या बिघडल्यास रक्तदाब एकाएकी चढतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. बोटे पांढरी पडण्याचे लक्षण फ्रान्समधील मॉरिस रेनो या वैद्याने 1862 साली वर्णिले. रोगाचे मूळ कारण एकच एक असे सांगता येत नाही. परंतु सिलिकायुक्त दगडी धुळीशी त्याचा संबंध दिसून आला आहे. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतील कामगारांविषयीचा असा अहवाल 1957 साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या हद्दीत दगडखाणी व खडी फोडण्याची यंत्रे आहेत, तेथील पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रोपणाचे तत्त्व

आता उपचाराकडे वळू. रक्तातील सर्व पेशी अस्थिमज्जेतील मूळ पेशींपासून तयार होतात. कॅनडातील टिल आणि मॅक्युलक या शास्त्रज्ञांनी 1961 साली या पेशींच्या अस्तित्वाचा प्रायोगिक पुरावा दिला. अमेरिकेतील डॉ. डॉनल टॉमस यांनी अस्थिमज्जारोपणाचा पाया घातला आणि त्यांना 1990 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. भारतात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1983 साली आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1986 साली हे कार्य सुरू झाले. हे सारे प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगासाठी व रक्ताच्या इतर विकारांसाठी होते. स्वप्रतिकार विकारांसाठी तीच पद्धत वापरण्यास युरोपात व अमेरिकेत 1990 नंतरच्या दशकात प्रारंभ झाला.

शेतकऱ्याच्या भाषेत हे तत्त्व सोपे आहे. शेतात हरळी माजली की वरवर खुरपून भागत नाही. चांगले बियाणे आधी कणगीत जपून ठेवावे लागते, मग जमीन खोल नांगरून हरळीच्या मुळ्या काढाव्या लागतात आणि त्यानंतर पेरणी करायची असते. येथेही तसेच आहे. रुग्णाला औषधे देऊन अस्थिमज्जेतील मूळ पेशी रक्तात आणतात, यंत्राच्या साहाय्याने त्या वेगळ्या काढतात व अतिशीत तापमानात साठवितात. मग तीव्र औषधांनी, काही पद्धतींत किरणोत्सर्गानेही, बिघडलेली प्रतिकार यंत्रणा जवळजवळ पुसून टाकतात. शेवटी साठविलेल्या पेशी रक्त देतात त्याप्रमाणे शिरेवाटे परत देतात. त्या अस्थिमज्जेत जाऊन रुजतात आणि साधारण दोन आठवड्यांत नवे रक्त तयार होऊ लागते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रोग हटविण्याचे काम नांगरट करते. बियाणे फक्त शेत पुन्हा उभे करते. मूळ पेशी हे स्वतः औषध नव्हे. कोणी केवळ ‘स्टेम सेलचे इंजेक्शन’ देऊन हा रोग बरा करण्याची जाहिरात करीत असेल, तर तो या शास्त्राचे नुसते नाव वापरीत आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2017 साली काढलेल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, मान्य विकारांसाठी होणारे रक्तमूळपेशींचे रोपण वगळता मूळ पेशींचा अन्य वापर रीतसर परवानगी घेतलेल्या चाचण्यांतच करता येतो. जमीन विकून अशा जाहिरातींमागे धावणाऱ्या कुटुंबाला वेळीच सावध करणे हे गावातील जाणत्यांचे कर्तव्य आहे.

लाभ आणि किंमत

या उपचाराची परीक्षा तीन प्रमुख चाचण्यांत झाली. शिकागो येथील पहिल्या लहान चाचणीचे निष्कर्ष 2011 साली प्रसिद्ध झाले. तीत 19 रुग्ण होते. रोपण झालेल्या दहाही रुग्णांत वर्षभरात सुधारणा दिसली. केवळ औषधावरील नऊपैकी एकातही ती दिसली नाही.

युरोपातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. तीत 79 रुग्णांना रोपण व 77 रुग्णांना सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दरमहा देण्यात आले. पहिल्या वर्षात रोपणाच्या गटातील आठ रुग्ण उपचारामुळेच दगावले. औषधाच्या गटात उपचारामुळे एकही मृत्यू झाला नाही. परंतु पुढील काही वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा पारडे फिरले. मृत्यू किंवा एखादा प्रमुख अवयव कायमचा निकामी होणे अशा घटना रोपणाच्या गटात 22, तर औषधाच्या गटात 31 झाल्या होत्या. अमेरिकेतील तिसऱ्या चाचणीत 75 रुग्ण होते. तिचे निष्कर्ष 2018 साली आले. 54 महिन्यांनंतर अशा घटनांवाचून जगणाऱ्यांचे प्रमाण रोपणानंतर 79 टक्के, तर औषधानंतर 50 टक्के होते.

हे आकडे मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी सांगितले. हा उपचार म्हणजे उद्याच्या मोठ्या धोक्याच्या बदल्यात आजचा धोका पत्करणे होय. तो प्रत्येक रुग्णासाठी नाही. रोग झपाट्याने वाढत आहे, अवयवांना इजा होऊ लागली आहे, परंतु हृदय व फुप्फुसे तीव्र औषधे सोसण्याइतकी सक्षम आहेत, अशा निवडक रुग्णांसाठीच तो योग्य ठरतो. म्हणून रोपणापूर्वी हृदयाची अत्यंत काळजीपूर्वक तपासणी करतात. उपचारानंतर जंतुसंसर्गाचा धोका काही महिने राहतो. संतती होण्याची क्षमताही जाऊ शकते, याची कल्पना तरुण रुग्णांना आधीच दिली पाहिजे.

ज्यांना रोपण योग्य नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहेत. मायकोफेनोलेटसारख्या औषधाने फुप्फुसांची हानी रोखण्यास मदत होते. एसीई इन्हिबिटर या गटातील रक्तदाबाच्या औषधांनी मूत्रपिंडांच्या संकटातून अनेकांचे प्राण वाचविले आहेत. जर्मनीतील वैद्यांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींत बदल करून त्या परत देण्याची नवी पद्धत 15 रुग्णांवर वापरली व 2024 साली तिचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत या विकाराचे चार रुग्ण होते. मात्र एवढ्या अनुभवावरून अंतिम निर्णय देणे घाईचे होईल.

आपले काम

त्या शिक्षिकेचे पुढे काय झाले, हे आपणांस जाणून घ्यावेसे वाटत असेल. त्यांची तपासणी केली तेव्हा हृदय व फुप्फुसे इतकी क्षीण झाली होती की रोपणाचा विचारही करता आला नाही. औषधांनी रोगाची गती मंदावली. त्या आजही आहेत, परंतु शाळेत उभ्या राहून शिकवू शकत नाहीत. त्या पहिल्या वर्षी आल्या असत्या तर निवड करण्याची संधी तरी मिळाली असती. ती संधी रोगाने जितकी हिरावली, तितकीच गावाच्या कुजबुजीनेही हिरावली.

म्हणून माझी विनंती साधी आहे. थंडीने बोटे पांढरी-निळी होणे, हाताची बोटे सुजलेली राहणे, कातडी चिमटीत न येणे, बोटांच्या टोकांना न भरणाऱ्या जखमा होणे, अशी लक्षणे कोणात दिसली तर त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तेथून जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. बोटे पांढरी पडणाऱ्या प्रत्येकाला हा रोग असतो असे नव्हे. पण तपासणीने कोणाचे नुकसान होत नाही. निदान झालेल्या रुग्णाचा रक्तदाब आरोग्य सेविकेने नियमित मोजावा. वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ देऊ नयेत, कारण मोठ्या मात्रेने मूत्रपिंडांचे संकट ओढवू शकते. तंबाखू व धूम्रपान सोडावे, हात उबदार ठेवावेत. खर्चासाठी कोणत्या शासकीय योजनेचा आधार मिळेल, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

रोपण करणारे हात मोठ्या रुग्णालयांत आहेत. परंतु रोग प्रथम पाहणारे डोळे आपले आहेत. शाळेत एखाद्या बाईंच्या हातून खडू गळून पडू लागला, तर मुलांना घरी ठेवू नका. बाईंना दवाखान्यात पोहोचवा. एवढे झाले तरी आजच्या या शिबिराचे सार्थक झाले असे मी समजेन.