तळ्यातला जिताडा आणि तळाशी टाकायचे रबरी आमिष

(शेतकऱ्यांसाठीच्या आकाशवाणी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी भाताच्या खतावर किंवा करप्यावर बोलणार नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारी तळे आहे आणि तळ्यात जिताडा आहे, अशी घरे पुष्कळ आहेत. जावई आला, मुलीचा साखरपुडा ठरला, शाळेची फी भरायची वेळ आली, की तळ्याकडे नजर जाते. भात वर्षातून एकदा घरात येते, पण तळ्यातला जिताडा अडीनडीला केव्हाही उपयोगी पडतो. म्हणून त्याला शेतीतलेच पीक मानायला हवे.

आता अडचण अशी, की आपल्याला हवा असतो एक मासा. त्या एकासाठी पाग टाकला किंवा जाळे ओढले, की सगळे तळे ढवळून निघते. गाळ वर येतो, लहान मासे जाळ्यात घासून खवले गमावतात आणि पुढे आठवडाभर मरतूक दिसते. गळाला जिवंत कोलंबी लावली, तर जिताडा ती थेट पोटात घेतो. गळ आतड्यापर्यंत जातो. वर आलेला मासा लहान निघाला आणि परत सोडला, तरी तो बहुधा जगत नाही. म्हणजे वाढीच्या ऐन वयातला मासा फुकट गेला.

यावर एक उपाय आहे. तळाशी जाणारे शिसे आणि त्यापुढे मऊ प्लॅस्टिकचे आमिष. आपल्याकडे त्याला सरसकट ‘रबरी मासा’ म्हणतात. हे आमिष चावून पाहिले की त्यात जीव नाही हे जिताड्याला लगेच कळते आणि तो ते थुंकू पाहतो. त्यामुळे गळ बहुतेक वेळा जबड्यालाच लागतो. लहान मासा पाण्यात परत गेला, तर तो पुढे वाढतो. मोठा असेल तर टोपलीत.

ही कल्पना मुळात आपली नव्हे. अमेरिकेत गोड्या पाण्याच्या तलावांत बास नावाचा शिकारी मासा असतो. १९४९ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम या गृहस्थाने त्याच्यासाठी प्लॅस्टिकचे मऊ गांडूळ तयार केले. पुढे टेक्सासच्या मंडळींनी आरपार भोक असलेले निमुळते शिसे पुढे आणि गळाचे टोक आमिषाच्या अंगात लपवलेले, अशी बांधणी रूढ केली. आपल्या जिताड्यालाही इंग्रजी पुस्तकात आशियाई समुद्री बास असेच नाव आहे. दोन्ही मासे एका जातीचे नव्हेत, पण खोड एकच. आडोशाला दबा धरायचा आणि जवळून जाणारे भक्ष्य तोंडाचा भाता उघडून आत ओढायचे.

माझी झालेली फजिती

मी शेतीचा पदवीधर. मासे हा काही माझा मूळ विषय नव्हे. या भागात नवा असताना एका आजोबांच्या तळ्यावर मी मोठ्या उत्साहाने प्रात्यक्षिक ठेवले. दुकानदाराने दिलेले सर्वांत चकचकीत आमिष आणि २० ग्रॅमचे शिसे. दोन तास झाले, पण गळाला काही लागेना. जमलेली मंडळी एकेक करून घरी गेली. शेवटी आजोबा हसून म्हणाले, “साहेब, तुमचा शिसा गेला गालान, त्याचे मागं मासा पन गेला. आता जितारा काय खनून कारंल?”

मी दोरी ओढून पाहिली. शिशाला आणि आमिषाला काळा गाळ चिकटलेला होता. त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. आमिष निवडायचे ते दुकानातली झळाळी पाहून नव्हे, तर आपल्या तळ्याचा तळ पाहून आणि माशाचे पोट पाहून. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. आता ते करायचे कसे, ते सांगतो.

आधी तळ पाहा

एका बांबूवर वीत-वीत अंतराने खुणा करा आणि तळ्यात चार-पाच ठिकाणी तो टेकवून पाहा. पाणी किती आणि गाळ किती, दोन्ही कळेल. मग दोरीला नुसते शिसे बांधून ते तळावरून हळू ओढा. टणक तळ असेल तर हाताला टकटक लागते. गाळ असेल तर शिसे जड होऊन येते.

तळ टणक असेल तर साधी बांधणी पुरे. तंगुसात आधी निमुळते शिसे ओवा, मागून एक मणी ओवा आणि शेवटी गळ बांधा. मण्यामुळे शिसे गाठीवर आपटत नाही. स्थिर पाण्यात पुरुषभर खोलीला ५ ते ७ ग्रॅम शिसे भरपूर झाले. उघाडीच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, तिथे १४ ग्रॅम किंवा थोडे अधिक लागेल. नियम असा, की तळ लागल्याचे हाताला कळेल इतके हलके शिसे घ्यावे. त्याहून जड घेऊ नये.

तळाला गाळ असेल तर शिसे आणि आमिष यांची फारकत करा. शिसे आणि मणी मागे ठेवा, मग फिरकी बांधा आणि तिच्यापुढे हात-दीड हात तंगूस सोडून गळ बांधा. शिसे गाळात बसले तरी आमिष मागे वरच राहते. अशा ठिकाणी तरंगणाऱ्या जातीचे आमिष घ्यावे. विकत घेण्याआधी ते पेलाभर पाण्यात टाकून पाहावे. काही आमिषांत मीठ मिसळलेले असते. ती लवकर बुडतात आणि लवकर फाटतातही. ती टणक तळासाठी बरी, गाळासाठी नकोत.

मग पोट पाहा

घरी जिताडा कापला की त्याचे पोट फेकून देऊ नका. ते उघडून पाहा. आत कोलंबी आहे, बोईट आहे की निवटी? त्याच आकाराचे आणि त्याच लांबीचे आमिष घ्या. साधारणपणे तीन प्रकार जवळ असले की काम भागते.

पहिला प्रकार वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा. पाण्यात ओढले की शेपूट फडफडते. पोटात बोईट किंवा दुसरे लहान मासे निघाले तर हे घ्यावे. गढूळ पाण्यातही हेच चांगले, कारण जिताड्याला ते दिसण्याआधी त्याची हालचाल जाणवते.

दुसरा प्रकार कोलंबीच्या आकाराचा. हे तळावर टेकवून, मध्येच थोडे उचलून पुन्हा टेकवायचे. उघाडीतून खाडीचे पाणी आत घेतले, की त्याबरोबर कोलंबी आणि बारीक मासळी येते आणि जिताडा तोंडाशी येऊन थांबतो. तिथे हे आमिष लागू पडते.

तिसरा प्रकार गांडुळासारखा बारीक आणि लांब. थंडीत पाणी गार झाले की जिताडा सुस्त होतो, भक्ष्यामागे धावत नाही. अशा वेळी हे आमिष नाकासमोर जवळजवळ स्थिर ठेवावे लागते. पाण्याच्या नुसत्या हालचालीने ते डुलते.

लांबी चार ते पाच बोटे, म्हणजे ७ ते १० सेंटिमीटर पुरे. फार लहान घेतले तर लहान मासेच लागतात. आपल्याला काढायचा आहे तो मोठा.

रंगाचा फार बाऊ करू नये. पाणी नितळ असेल तर आरपार दिसणारे, कोलंबीच्या किंवा बोईटाच्या रंगाचे आमिष घ्या. पावसात पाणी गढूळ झाले किंवा अंधारून आले, तर काळे किंवा गडद जांभळे घ्या, म्हणजे त्याची आकृती उठून दिसते. पिशवीत एक पांढरेही असू द्या.

गळ कसा लावावा

मानेजवळ वळण असलेला गळ मागा. गळाचे तोंड आमिषाच्या जाडीच्या दुप्पट रुंद असावे, नाहीतर मासा ओढला तरी टोक बाहेर येत नाही. आमिषाच्या नाकातून टोक अर्धा बोट आत घाला आणि पोटाकडून बाहेर काढा. गळाची मान नाकात बसेपर्यंत ओढून घ्या. मग गळ फिरवून टोक आमिषाच्या अंगातून पाठीवर आणा आणि पाठीच्या सालीखाली हलकेच लपवा. यामुळे गळ शेवाळात, काटक्यांत अडकत नाही.

आमिष सुईसारखे सरळ दिसले पाहिजे. वाकडे बसले तर ते पाण्यात गरगर फिरते, तंगुसाला पीळ बसतो आणि मासा जवळ येत नाही. गळाचा उलटा दात पकडीने चेपून टाका. परत सोडायच्या माशाला जखम कमी होते, आणि गळ आपल्याच बोटात रुतला तर डॉक्टरकडे जावे लागत नाही.

मुख्य तंगूस ०.४० मिलिमीटरचे चालेल. पण पुढचे हातभर ०.७० मिलिमीटरचे असावे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. बारीक तंगूस तिच्यावर घासले की तुटते. माशाबरोबर गळ आणि आमिषही जाते.

केव्हा आणि कसे टाकावे

पहाट आणि दिवेलागण या दोन वेळा उत्तम. भर उन्हात जिताडा सावलीला, खोल पाण्यात पडून असतो. बांधावर पाय आपटत जाऊ नका. आमिष टाकल्यावर तंगूस सैल पडेपर्यंत थांबा. सैल पडले म्हणजे तळ लागला. आता काठीचे टोक वीतभर उचला, खाली सोडा आणि मनात दहा आकडे मोजा. पुन्हा तेच. आमिष खाली पडत असतानाच बहुधा ‘टप्प’ असा झटका येतो. घाई करू नका. सैल तंगूस आधी आवरा, मग एक जोराचा झटका द्या. मासा पाण्याबाहेर उडी मारून डोके झाडू लागला, तर काठीचे टोक खाली घ्या आणि तंगूस ताणलेले ठेवा.

मासा हातजाळ्यात घ्या. कल्ल्यात बोटे घालू नका, कापतील. ओल्या फडक्याने खालचा जबडा धरा.

कोणता ठेवावा, कोणता सोडावा

जिताडा आपल्या भाईबंदांनाही सोडत नाही. आपल्या निम्म्या लांबीचा जिताडा तो सहज गिळतो. तळ्यात एक दांडगा राहिला, तर तो तुमच्याच पैशाने आणलेले बी खात बसतो. म्हणून सर्वांत मोठे आधी काढा. गळाचा खरा फायदा हाच. मोठा वेचून काढता येतो आणि बाकीचे तळे शांत राहते.

कुणी विचारतात, मोठे काढले तर पैदास बुडणार नाही का? तळ्यात ती भीती नाही. जिताड्याची पैदास समुद्राच्या खाऱ्या पाण्यात होते, तळ्यात होत नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली बंदिस्त जागेत त्याची पैदास करून दाखवली, तेव्हापासून केंद्रात तयार झालेले बी मिळू लागले. खाडीत मात्र उलटा विचार करावा. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुधा अंडी देणारी मादी असते. तिला सोडून द्यावे, यातच पुढच्या पिढीचे हित आहे.

दोन धोके

पहिला धोका फाटलेल्या आमिषाचा. हे प्लॅस्टिक पाण्यात कुजत नाही. माशाने तुकडा गिळला तर तो पोटात पडून राहतो, पचत नाही. म्हणून फाटलेले आमिष तळ्यात किंवा बांधावर टाकू नका, डबीत घालून घरी आणा. गळ अडकला तर लगेच तंगूस तोडू नका. पलीकडच्या बांधावर जाऊन उलट्या बाजूने ओढा, बहुतेक वेळा सुटतो.

दुसरा धोका शिशाचा. शिसे विषारी आहे. ते दाताने चेपायची सवय अनेकांना आहे, ती आजपासून सोडा. पकड वापरा. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच भाकरीला हात लावा. लहान मुलांच्या हाती शिशाच्या गोळ्या खेळायला देऊ नका.

आमिषे उन्हात ठेवू नयेत. वेगवेगळ्या जातींची एका डबीत कोंबू नयेत, काही एकमेकांना लागून विरघळतात. शेपूट वाकडे झाले तर गरम पाण्यात थोडा वेळ धरावे, सरळ होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. बांबूने तळ तपासा. गाळ असेल तर शिसे मागे आणि तरंगणारे आमिष पुढे.

२. तळ लागल्याचे कळेल इतकेच हलके शिसे वापरा.

३. माशाचे पोट उघडून पाहा आणि त्याच्या खाद्यासारखे आमिष निवडा.

४. नितळ पाण्यात फिका रंग, गढूळ पाण्यात व अंधारात गडद रंग.

५. आमिष गळावर सरळ बसवा, गळाचा दात चेपा.

६. तळ्यातले मोठे आधी काढा, लहान जिवंत परत सोडा.

७. फाटलेले आमिष घरी आणा, शिसे दाताला लावू नका.

जाता जाता एक सांगतो. त्या आजोबांच्या तळ्यावर मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी हलके शिसे, दीड हात तंगूस आणि कोलंबीच्या आकाराचे साधे आमिष होते. दिवेलागणीला एक जिताडा लागला, तो लहान निघाला. आजोबांनी स्वतःच्या हाताने त्याला पाण्यात सोडले आणि म्हणाले, “जा, मोठा होऊन ये.” तळे असेच राखायचे असते, मंडळी.

नमस्कार.