पोटुशी बाई आणि मनाची गोळी

(वसई-विरार परिसरातील महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



बाईला दिवस गेले की आपण तिचे डोहाळे पुरवतो, ओटी भरतो. पण झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, हे तिला कोणी विचारत नाही. नालासोपारा-विरारच्या चाळींत, वसईच्या वाड्यांत बैठका घेताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो : "ताई, डिप्रेशनची गोळी चालू आहे आणि दिवस गेलेत. सासूबाई म्हणतात, बंद कर, मुलाच्या डोक्यावर परिणाम होईल. काय करू?"

ही भीती उगाच आलेली नाही. गोळ्या घेणाऱ्या आयांच्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळते, असं काही अभ्यासांत दिसलं होतं. पण तो परिणाम गोळीचा, आजाराचा की घरच्या परिस्थितीचा? स्वीडनमध्ये १५ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासताना संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली. एकाच्या वेळी आईने सुरुवातीच्या महिन्यांत गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. २०१७ साली निष्कर्ष आले : स्वमग्नता आणि अतिचंचलता यांत फरक उरला नाही. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका तेवढा किंचित जास्त राहिला.

म्हणजे गोळी अगदी निर्धोक, असं नाही. शेवटच्या महिन्यांत घेतली तर काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस थरथरतात, चिडचिडी असतात. शिवाय सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. फिट्स आणि मनाच्या काही आजारांवर देतात ती व्हॅल्प्रोएट गर्भाला खरोखर घातक आहे. म्हणून गोळीचं पाकीट घेऊन लगेच डॉक्टरांकडे जायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही.

कारण गोळी टाकली की बाळ सुखरूप, हेही खरं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बाया नैराश्यात होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मारहाण, मुलगी होणं, या सगळ्याचा त्याच्याशी संबंध दिसला. २००३ मध्ये त्यांनी पुढचं मांडलं : अशा आयांची बाळं सहाव्या महिन्यात वाढीत आणि बौद्धिक विकासात मागे असण्याची शक्यता जास्त होती.

पण घरात जाब कोणाला विचारतात? मारणाऱ्या हाताला नाही, गोळी घेणाऱ्या हाताला!

मारहाणीवर गोळी हा इलाज नव्हे. पण मार खाऊन खचलेल्या बाईला उपचार नाकारणं हा दुसरा मारच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. १४४१६ हा टेलिमानसचा फोन मोफत आहे.

तेव्हा गरोदरपणाच्या प्रत्येक तपासणीत रक्तदाबाबरोबर मनाचीही चौकशी व्हावी, ही मागणी आपण लावून धरू. आणि अशी बाई भेटली, तर तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊ. निर्णय सासूचा नाही, नवऱ्याचा नाही, आपलाही नाही. सगळी माहिती हाती घेऊन तो तिने करायचा आहे.