पदवी एका हातांत, दुसरा हात रिकामा कां?

(एका तालुक्याच्या गांवीं वसतिगृहांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुढें केलेलें भाषण)



आम्ही कांहीं मोठे पंडित नव्हों. तेव्हां अलंकारिक भाषण ऐकावयास मिळेल अशा आशेनें कोणी बसले असतील तर त्यांनीं आतांच निराश व्हावें. आम्हांला तुमच्याशीं घरच्या वडीलधाऱ्या माणसाप्रमाणें चार रोखठोक गोष्टी बोलावयाच्या आहेत.

तुमच्यापैकीं पुष्कळजण आपापल्या घरांतले पहिले पदवीधर होणार. तुमची फी भरण्यासाठीं कोणाच्या घरची म्हैस बाजारांत गेली असेल, कोणाच्या आईनें भर उन्हांत परक्याच्या रानांत खुरपें धरलें असेल. म्हणून पदवीची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. 'शिकून काय मिळतें?' असें चावडीवर बसून विचारणारे लोक स्वतःच्या मुलांना मात्र शहरांतल्या उत्तम कॉलेजांत घालतात, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पदवी घ्याच. ती चांगल्या गुणांनीं घ्या. आमचा प्रश्न निराळा आहे. एका हातानें तुम्ही पदवी मिळवितां, त्या तीन-चार वर्षांत तुमचा दुसरा हात काय करीत असतो?

एक घडलेली गोष्ट सांगतों. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला पिठाच्या गिरणीसाठीं एक लाख रुपये कर्ज हवें होतें. कर्ज देणाऱ्याचा माणूस कागद घेऊन घरीं आला. 'व्याज शेकडा बारा, मुदत तीन वर्षें, हप्ता दरमहा ३,७७८ रुपये,' असें त्यानें सांगितलें. घरांतला मुलगा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला. त्यानें तो इंग्रजी कागद घडघड वाचून दाखविला. बापाची छाती अभिमानानें फुगली आणि तो सही करावयास पुढें सरसावला. इतक्यांत शेजारची भाजी विकणारी मावशी दारांत येऊन टेकली. तिनें विचारलें, 'अरे लेका, हप्ते किती?' छत्तीस. तिनें बोटांवर हिशोब केला. 'तीस हप्त्यांचे झाले एक लाख तेरा हजार, वरच्या सहांचे साडेबावीस हजार. म्हणजे छत्तीस हजार व्याज! अरे, मुद्दल दर महिन्याला फिटत जाणार, मग व्याज शेवटपर्यंत सगळ्या लाखावर कशाला?'

मुलगा गप्प झाला. घटत्या शिलकीवर शेकडा बारानें हिशोब केला असता तर हप्ता सुमारें ३,३२१ रुपयांचा येतो आणि तीन वर्षांचें व्याज १९,६०० च्या आंत राहतें. म्हणजे 'शेकडा बारा' या एकाच शब्दाच्या दोन अर्थांत सोळा हजारांवर रुपयांचा फरक होता. हें गणित त्या मुलानें परीक्षेंत सोडविलें होतें आणि त्याला गुणही मिळाले होते. परंतु परीक्षेचा पेपर आणि बापाच्या सहीचा कागद यांच्यामध्यें जी वाट आहे, तिच्यावर त्याला कोणी कधीं चालविलेंच नव्हतें. येथेंच घोडें पेंड खातें! सही त्या दिवशीं थांबली, ती मावशीमुळें थांबली, पदवीमुळें नव्हे.

बंधूंनो, ही तक्रार आजची नाहीं. १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें, त्यांत त्यांनीं खेड्यांतल्या मुलांना काय शिकवावें याची यादीच दिली होती. मोडी व बाळबोध वाचणें-लिहिणें, हिशोब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीति आणि आरोग्य. पाहा, हिशोब आणि इतिहास त्यांनीं एकाच पंगतीला बसविले आहेत. हें सांगणारा माणूस स्वतः बांधकामाचे ठेके घेणारा होता. कागद कोठें फसवितो आणि मजुरीचा हिशोब कोठें गळतो, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

तर मग दुसऱ्या हातानें काय शिकावें? आम्ही पांच गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट हिशोब. दुसऱ्याच्या दुकानाचा नव्हे, तर स्वतःच्या घराचा. एक वही घाला. दूध किती गेलें, खताला किती लागले, दवाखान्याला किती, लग्नाच्या आहेराला किती, हें रोज लिहा. सावकार 'दोन टक्के' म्हणतो तेव्हां तो महिन्याचे म्हणतो. वर्षाचे ते चोवीस होतात. ही एक गोष्ट घरांतल्या सर्वांना समजावून सांगितली, तरी तुमच्या शिक्षणाचा कांहीं खर्च वसूल झाला असें समजा.

दुसरी गोष्ट कागद वाचणें. तुमच्यापैकीं किती जणांनीं आपल्या जमिनीचा सातबारा शेवटपर्यंत वाचला आहे? नमुना सात हा हक्काचा कागद, नमुना बारा पिकाचा. एका खातेदाराची गांवांतली सगळी जमीन एकत्र पाहावयाची तर आठ-अ काढावा लागतो. आणि नांव कधीं व कशानें चढलें किंवा उतरलें, हें फेरफारांत दिसतें. 'इतर अधिकार' या रकान्यांत बँकेचा बोजा, कुळाचें नांव, वाटण्यांच्या भानगडी लपून बसलेल्या असतात. क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेलें असतें. आपले म्हातारे एकर-गुंठ्यांत बोलतात. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, शंभर आरांचा एक हेक्टर, आणि हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर. बहिणींचीं नांवें आहेत कीं गुपचूप उतरविलीं आहेत, हेंही त्याच कागदावर कळतें. आमच्या भगिनींनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. ज्या घरांत पदवीधर आहे आणि तरीही तलाठ्याकडे जावयाचें म्हटलें कीं दुसऱ्या गांवचा मध्यस्थ शोधावा लागतो, त्या घरांतली पदवी भिंतीवरच्या तसबिरीसारखी आहे.

तिसरी गोष्ट अर्ज लिहिणें व सभेंत बोलणें. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें दहा रुपयांत माहिती मागतां येते आणि साधारणपणें तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणें असा अर्ज एकाच विषयाचा व १५० शब्दांच्या आंत असावा लागतो. दीडशें शब्दांत मुद्दा मांडून पाहा! वीस-वीस पानांची उत्तरें लिहिणाऱ्यांचा येथें घाम निघतो. आणि लिहिलेलें चारचौघांत उभें राहून बोलतां आलें पाहिजे. ग्रामसभेंत जा. मागें उभे राहून मोबाईलवर बोटें फिरवूं नका. पाण्याच्या टाकीवर किती खर्च झाला, एवढा एकच प्रश्न अदबीनें परंतु मोठ्यानें विचारा. पहिल्या वेळीं पाय लटपटतील, दुसऱ्या वेळीं कमी लटपटतील. मुलाखतीच्या खोलींत जें धैर्य लागतें तें याच तालमींत तयार होतें.

चौथी गोष्ट यंत्रावरचें काम. हातांत मोबाईल आहे म्हणजे संगणक येतो, ही समजूत सोडा. मोबाईलवर आपण पाहतों, संगणकावर काम करतों. मराठींत व इंग्रजींत न पाहतां टंकलेखन करतां आलें पाहिजे. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द हा वेग लागतो, आणि या एका प्रमाणपत्रावांचून चांगले शिकलेले उमेदवार अडून बसतात. हिशोबाचे तक्ते मांडणें, पत्र नीट रचून पाठविणें, हीं कामें शिकण्यास फार बुद्धि लागत नाहीं. रोजचा तास लागतो. हल्लीं यंत्रच निबंध लिहून देतें असें तुम्ही म्हणाल. देतें खरें, परंतु त्यानें लिहिलेलें बरोबर कीं चूक हें ज्याला कळत नाहीं, तो त्या यंत्राचा धनी नव्हे, हमाल आहे.

पांचवी गोष्ट एक हातचें काम. विजेची मोटार जोडणें, मोटारसायकल उघडून बसविणें, शिवण, सुतारकाम, ठिबकच्या नळ्यांची दुरुस्ती, पन्नास माणसांचा स्वयंपाक, कोणतेंही एक. १९६१ चा शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे. त्याखालीं पदवीधरांनाही कारखान्यांत व कचेरींत विद्यावेतन घेऊन शिकतां येतें. त्याची चौकशी शेवटच्या वर्षाच्या आधीं करा, निकाल लागल्यावर नव्हे.

येथें तुमच्यापैकीं एखादा तेजस्वी मुलगा मनांत म्हणत असेल, 'आमच्या बापजाद्यांनीं पिढ्यान् पिढ्या हातचेंच काम केलें. आतां कुठें पुस्तक हातीं आलें, तर हे आम्हांला पुन्हां पान्या-हातोड्याकडे ढकलतात!' हा संशय खोटा नाहीं. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारींच्या सरकारनें प्राथमिक शाळेचे तास कमी करून मुलांनीं उरलेल्या वेळांत घरचा धंदा शिकावा, अशी योजना काढली. लोकांनीं ओळखलें कीं, घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा. न्हाव्याच्या मुलानें वस्तराच धरावा आणि कुंभाराच्या मुलानें चाकच फिरवावें, असाच त्याचा अर्थ होणार होता. मोठा विरोध झाला, आणि १९५४ सालीं कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना मागें घेण्यांत आली. योग्यच झालें!

म्हणून आमचें म्हणणें नीट ऐका. शिक्षणाच्या ऐवजीं काम, ही फसवणूक आहे. शिक्षणाच्या जोडीला काम, ही ताकद आहे. आणि तें काम जातीनें नेमून दिलेलें नव्हे, तर तुम्हीं निवडलेलें. चांभाराच्या मुलानें संगणक उघडावा, देशमुखाच्या मुलानें चप्पल शिवून पाहावी, मुलीनें ट्रॅक्टर चालवावा आणि मुलानें भाकरी थापावी. ज्याला भाकरी थापतां येत नाहीं तो परगांवीं खोली घेऊन राहिला कीं निम्मे पैसे खानावळींत घालतो, हें तुम्हांला आम्हीं सांगावयास नको.

हा मार्ग आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनीं आंखून दिला आहे. ते स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंगतीला बसलीं, आपला स्वयंपाक आपण करूं लागलीं, शेतांत राबूं लागलीं. १९४७ सालीं त्यांनीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें, तेंही 'कमवा आणि शिका' याच पायावर. त्या मुलांच्या हातांत कुदळ होती म्हणून त्यांचें पुस्तक सुटलें नाहीं. कुदळ होती म्हणूनच पुस्तक टिकलें. आजही आपल्या विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजना चालते. कांहीं मुलांना तिच्यांत नांव घालण्याची लाज वाटते. बापाच्या उसनवारीवर नवा मोबाईल घेण्याची मात्र वाटत नाहीं!

आतां शेवटचा आक्षेप. 'आम्ही स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करतों, आम्हांला वेळ कोठें?' परीक्षा जरूर द्या. आपलीं मुलें अधिकाराच्या खुर्चीवर बसलींच पाहिजेत. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनीं, हें साधें गणित आहे. पुण्याच्या अभ्यासिकेंत विसाव्या वर्षीं शिरलेला मुलगा तिसाव्या वर्षीं बाहेर पडतो तेव्हां त्याच्या हातांत दुसरें कांहीं नसेल, तर तो गांवीं तोंड दाखवावयास कचरतो. सणाला येत नाहीं, बहिणीच्या घरीं जात नाहीं. अशीं मुलें आम्हांला माहीत आहेत. तीं नालायक नव्हेत. त्यांनीं सगळी बाजी एकाच पत्त्यावर लावली, एवढाच त्यांचा दोष; आणि तसें करूं नको हें त्यांना वेळेवर कोणी सांगितलें नाहीं, हा आम्हां मोठ्यांचा दोष. म्हणूनच आज आम्ही येथें आलों. किती वर्षें प्रयत्न करावयाचा तें पहिल्याच दिवशीं ठरवा, घरीं सांगा, आणि रोजचा एक तास दुसऱ्या हाताला द्या. दिवसाचा एक तास म्हणजे तीन वर्षांत हजार तासांवर होतात. हजार तासांत येणार नाहीं असें साधें काम आम्हांला तरी ठाऊक नाहीं.

श्रीमंताच्या मुलाची पदवी वाया गेली तर त्याला बापाचें दुकान आहे, मामाची ओळख आहे. तुम्हांला ओळख नाहीं. तुमची ओळख तुमच्या कामानेंच व्हावयाची.

उपदेश पुष्कळ झाला. आतां एक काम सांगतों आणि बसतों. या सुटींत घरीं जाल तेव्हां ट्रंकेंतला सातबारा काढा, आईबापांना जवळ बसवा, आणि त्यांतली ओळ न् ओळ त्यांना समजावून सांगा. जेथें अडाल तेथें खूण करा आणि तें विचारून या. ज्या दिवशीं तुमची आई शेजारणीला म्हणेल, 'आमच्या पोरीला विचार, तिला कागद कळतो,' त्या दिवशीं तुमची खरी पदवी घरांत आली असें समजा. विद्यापीठाची मागाहून टपालानें येईल.