साळिंदर, शिकारी आणि श्रावक



जैन समाजात अहिंसेची चर्चा बहुधा आहार, व्यापार आणि व्रतनियम यांच्या मर्यादेत होते. परंतु जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या उत्तरेस उभ्या असलेल्या सातपुड्याच्या रानात हाच प्रश्न निराळ्या रूपाने समोर येतो. तेथे एका बाजूस साल कुरतडली गेल्याने वाळणारे झाड असते, दुसऱ्या बाजूस साल कुरतडणारे साळिंदर असते आणि दोहोंच्या मध्ये बंदूक किंवा फास घेतलेला माणूस उभा असतो. जैन दर्शनाच्या दृष्टीने झाड हाही जीव आहे, एकेंद्रिय वनस्पतिकाय. साळिंदर तर पंचेंद्रिय. मग झाड वाचविण्यासाठी साळिंदर मारावे काय, आणि मारणाऱ्याच्या मनात त्या वेळी नेमके काय असते, हा प्रश्न श्रावकाने टाळण्याजोगा नाही.

साळिंदर, म्हणजेच सायाळ, हा उंदीर-खारीच्या कुळातील कुरतडणारा प्राणी. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कठीण पदार्थ कुरतडून ते झिजविणे ही त्याची शारीरिक गरज असते. दिवसा बिळात राहावे आणि रात्री कंदमुळे, फळे, मुळ्या व साल शोधत फिरावे, असा त्याचा जीवनक्रम. तो अंगावरील काटे बाणासारखे फेकतो हा समज खरा नाही. धोका जाणवला की तो काटे उभारतो व पाठमोरा होऊन मागे धावतो. सैल झालेले काटे शत्रूच्या अंगात रुतून राहतात. मादीला एका वेळी एक किंवा दोनच पिले होतात. उंदरांप्रमाणे झपाट्याने वाढणारा हा प्राणी नव्हे.

त्याच्याकडून नुकसान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. बुंध्याची साल चहूबाजूंनी सोलली गेली की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याचा मार्ग तुटतो आणि झाड हळूहळू वाळते. नव्या लागवडीतील रोपांच्या मुळ्याही तो उकरतो. भुईमूग, मका आणि रताळी त्याला प्रिय. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात त्याच्या साल सोलण्याच्या सवयीचा शास्त्रीय अभ्यास झाला असून तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पण खात्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात याच जातीच्या साळिंदराने कंदांसाठी उकरलेल्या खड्ड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या खड्ड्यांत पाणी, पालापाचोळा व बिया साठून आसपासच्यापेक्षा अधिक वनस्पती उगवतात असे दिसून आले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात साळिंदराच्या बिळांत अजगर आणि वटवाघळेही आश्रय घेतात. झाडाची साल सोलणारा हाच प्राणी जमिनीची मशागत करणारा आणि इतर जीवांना निवारा देणारा ठरतो.

खान्देशातील रानाची अवस्थाही ध्यानात घ्यावी लागते. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १७७ चौरस किलोमीटर. शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे. साग, अंजन आणि सालई यांची ही राने विरळ झाली ती प्रामुख्याने कुऱ्हाड, वणवा आणि अतिक्रमण यांमुळे. हा दोष साळिंदराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

आता शिकाऱ्याकडे वळू. खान्देशात शिकारीची परंपरा जुनी आहे. १८२५ मध्ये धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता आणि भिल्ल जवानांचा विश्वास त्याने काही अंशी या शिकारींतूनच मिळविला. मनोवृत्तीच्या दृष्टीने शिकाऱ्यांचे तीन वर्ग दिसतात. पहिला शौकासाठी मारणारा. त्याला साळिंदरात फारसा रस नसतो, कारण त्यात मिरविण्यासारखे काही नाही. दुसरा पोटासाठी मारणारा. डोंगरातील गरीब कुटुंबाला त्यात एका वेळचे अन्न दिसते. तिसरा अलीकडचा, म्हणजे परवाना घेऊन ‘संख्या नियंत्रण’ करणारा. तो स्वतःला शिकारी म्हणवीत नाही; शेतकऱ्याची सेवा करतो, असे सांगतो. ही सेवेची भावना खोटीच असते असे म्हणता येत नाही. मात्र बंदुकीच्या कामाला सेवेचे नाव मिळाले की मनातील संकोच लवकर मावळतो.

परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. उत्तर अमेरिकेतील साळिंदराची जात निराळी; ती झाडावर चढून साल खाते. तेथे वनाधिकारी व लाकूड व्यावसायिक त्याला शत्रू मानीत आणि काही राज्यांत प्रत्येक साळिंदरामागे सरकारी बक्षीस मिळे. त्याच वेळी जुन्या रानकऱ्यांमध्ये एक संकेत रूढ होता: वाट चुकलेल्या निःशस्त्र माणसाला काठीनेही मिळू शकेल असे हे अन्न आहे, म्हणून साळिंदर विनाकारण मारू नये. मारणाऱ्याच्या मनातही मर्यादेची एक रेषा होती, ती अशी. पुढे व्हर्माँट राज्याने १९५९ ते १९६७ या काळात शेजारच्या मेन राज्यातून साळिंदराचा नैसर्गिक शत्रू असलेला ‘फिशर’ हा मुंगसासारखा लांबट प्राणी आणून रानात सोडला. बंदुकीपेक्षा निसर्गाचा तोल सावरणे अधिक श्रेयस्कर, हा विचार तेथील वन खात्यानेच स्वीकारला. सातपुड्यात हे काम करणारा बिबट्या आजही आहे. त्याला जगू दिले पाहिजे.

भारतातील कायदाही मर्यादा सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साळिंदराला संरक्षण दिले. कुरतडणारा प्राणी असूनही घरातील उंदराप्रमाणे त्याला उपद्रवी जीवांच्या यादीत टाकले नाही. कायद्यात पिकांच्या रक्षणासाठी काही प्राणी मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. त्या आधारे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्या पारधीची कार्यपद्धती सुलभ केली. बिहारमध्ये जून २०१६ मध्ये मोकामा येथे बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा केंद्रातील मनेका गांधी व प्रकाश जावडेकर या दोन मंत्र्यांमधील मतभेद जाहीर झाले. याउलट त्याच वर्षी सिमला शहरात माकडे मारण्यास मोकळीक मिळाली आणि बक्षीसही जाहीर झाले. तरी लोकांचे हात धजावले नाहीत. कागदावरील परवानगीने माणसाची मनोवृत्ती बदलत नाही, हे यातून दिसते.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले आहेत. संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य. स्वयंपाक-पाण्यात, शेती-व्यवसायात आणि आत्मरक्षणात घडणारी हिंसा तो पूर्णपणे टाळू शकत नाही; ती शक्य तितकी कमी करणे हे त्याचे कर्तव्य. उभ्या पिकावर आलेले जनावर हाकलताना घडणारी इजा विरोधी प्रकारात जाईल. पण रानातील झाडाचे निमित्त करून, बीळ शोधून, धूर करून साळिंदराला बाहेर काढणे आणि मारणे हा ठरवून केलेला संकल्प आहे. शिवाय जैन विचार करणारा, करविणारा आणि अनुमोदन देणारा अशा तिघांनाही कर्माचा भागीदार मानतो. गोळी शिकाऱ्याने झाडली, तरी त्याला बोलावणारा आणि खर्च देणारा त्या हिशेबातून सुटत नाही.

येथेच समाजाची खरी परीक्षा आहे. शहरात राहून शेतकऱ्याला ‘मारू नकोस’ असे सांगणे सोपे. ज्याचे भुईमुगाचे वाफे एका रात्रीत उकरले जातात, त्याच्या नुकसानीचा वाटा कोण उचलतो? अहिंसा एकाने सांगावी आणि तिचा सर्व खर्च दुसऱ्या गरिबाच्या खात्यावर टाकावा, हा जमाखर्च सचोटीचा नव्हे. असहाय झालेला शेतकरी मग कुंपणात वीजप्रवाह सोडतो किंवा खाद्यात स्फोटके ठेवतो. त्यात साळिंदर, रानडुक्कर, बिबट्या आणि कधी माणूसही तडफडून मरतो. ही हिंसा बंदुकीहूनही भयंकर आहे.

उपाय साधे आहेत, परंतु ते नियमाने करावे लागतात. प्रत्येक तरुण झाडाच्या बुंध्याला कमरेपर्यंत बारीक जाळी बांधावी आणि तिचे खालचे टोक जमिनीत पुरावे. बांधावर घायपात व निवडुंगाचे दाट कुंपण लावावे. एकाच जातीची रोपे न लावता मिश्र लागवड करावी. जुन्या साड्या शेताभोवती बांधण्याची पद्धत अनेक गावांत आहे. रानडुकरांना बुजविण्यास तिचा काही काळ उपयोग होतो. अभयारण्यालगतच्या गावांसाठी महाराष्ट्रात जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणास अनुदान देण्याची तरतूद झाली. अशा योजनांचे अर्ज भरून देण्यास गावकऱ्यांना मदत लागते. वृक्षारोपणासाठी निधी देणाऱ्या धर्मादाय संस्थांनी रोपाच्या किमतीइतकीच रक्कम जाळीसाठी आणि पहिल्या तीन वर्षांच्या राखणीसाठी ठेवली, तर झाडही वाचेल आणि साळिंदरही.

इतिहासात आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहास भेटले. बादशहा शिकारीचा मोठा शौकीन होता. आचार्यांनी त्याचा धिक्कार केला नाही. त्याच्याशी संवाद केला. पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान त्या संवादातून निघाले. आजच्या शिकाऱ्याशी, वनरक्षकाशी आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा, तडवी शेतकऱ्याशी समाजाने अशाच आदराने बोलले पाहिजे. त्यांचे रानाविषयीचे ज्ञान मोठे आहे. राखणीच्या कामाला त्यांच्यापेक्षा योग्य माणसे मिळणार नाहीत. पोटासाठी फास लावणाऱ्या हाताला राखणीचे वेतन मिळाले, तर तो फास आपोआप सुटेल. येत्या पावसाळ्यातील वृक्षारोपणाच्या अंदाजपत्रकात या एका रकमेची नोंद व्हावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.