पडते यंत्र आणि पसरलेले मेज

ज्या घरात लहान मूल आहे, त्या घरातील मेजाच्या कडेला ठेवलेल्या कोणत्याही वस्तूचा भरवसा धरता येत नाही. काचेचा पेला पडला तर पेला जातो, फुलदाणी पडली तर फुलदाणी जाते. घरातील माणसे चार शब्द बोलतात, तुकडे गोळा करतात आणि विषय संपतो. परंतु मेजावर एखाद्या निवृत्त शिक्षकाचा लॅपटॉप आहे, त्याला विजेची तार जोडलेली आहे आणि धावत आलेल्या नातवाचा पाय त्या तारेत अडकला, तर काय होईल? त्या यंत्रात आठ-दहा वर्षे खपून जमविलेली घराण्याची कागदपत्रे आहेत, वृद्ध नातेवाइकांच्या ध्वनिमुद्रित आठवणी आहेत, परगावी गेलेल्या मुलांची छायाचित्रे आहेत. पेला पुन्हा बाजारात मिळतो, यंत्रही मिळते. पण आठवण सांगणारे माणूस निघून गेले असेल तर तो आवाज कोठून मिळणार?

अशा प्रसंगी हाती वेळ किती असतो, हे शाळेतील गणितानेही काढता येते. मेजाची उंची सुमारे ७५ सेंटिमीटर धरली, तर तेथून सुटलेली वस्तू जमिनीवर आदळावयास ०.३९ सेकंद लागतो. डोळ्याचे पाते लवावे तेवढाच हा अवधी. माणसाने हात पुढे करावा, तोवर सर्व काही संपलेले असते. मात्र माणसाला अपुरे पडणारे हे चार दशांश सेकंद यंत्राला पुरतात, असे काही अभियंत्यांना वाटले. आणि लॅपटॉपमधील पतन-संरक्षणाची योजना त्यातूनच जन्माला आली.

ही योजना समजण्यासाठी प्रथम हार्ड डिस्क म्हणजे काय ते पाहावयास हवे. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली पहिली व्यापारी हार्ड डिस्क पुढे आणली, तेव्हा तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिचे धूड कपाटाएवढे होते. ती मेजावरून पडण्याचा प्रश्नच नव्हता; ती मेजावर मावतच नव्हती. पुढे ह्याच तबकड्या लहान होत होत लॅपटॉपच्या पोटात शिरल्या. तेथील अडीच इंची वर्गातील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिच्या बाहेरील कडेचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर भरतो. तिच्यावरील मजकूर वाचणारे व लिहिणारे जे सूक्ष्म टोक, ज्याला कारागीर ‘हेड’ म्हणतात, ते तबकडीला स्पर्श करीत नाही. फिरत्या तबकडीबरोबर वाहणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगत असते. दोहोंमधील अंतर असते काही नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास धरली, तर केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही हे अंतर लहान.

एवढ्या सूक्ष्म अंतरावर चाललेल्या ह्या कारभाराला धक्का बसला, की हेड तबकडीवर आपटते. तबकडीवरील चुंबकीय लेप खरवडला जातो, त्याची धूळ आत उडते, आणि ती धूळ पुन्हा हेडखाली येऊन नवे ओरखडे काढते. जो मजकूर त्या जागी होता तो गेला. म्हणून हेड जर आदळण्यापूर्वीच तबकडीवरून बाजूला नेऊन त्याच्या विसाव्याच्या जागी ठेवता आले, तर डिस्क पुष्कळ अधिक सोसू शकते. अशा डिस्कांच्या माहितीपत्रकांत चालू अवस्थेत सोसवणारा धक्का सामान्यतः गुरुत्वाच्या ३५० ते ४०० पट, तर बंद अवस्थेतील धक्का ९०० ते १,००० पट दिलेला आढळतो. म्हणजे केवळ हेड बाजूला घेतल्याने सहनशक्ती दुपटीहून अधिक वाढते.

पण आपण पडत आहोत, हे यंत्राला कळावे कसे? येथे निसर्गाचा एक मौजेचा नियम उपयोगी पडतो. यंत्रात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म त्वरणमापक बसविलेला असतो. नाजूक स्प्रिंगांवर टांगलेले एक चिमुकले वजन, असे त्याचे ढोबळ स्वरूप. लॅपटॉप मेजावर स्थिर असताना ते वजन खाली किंचित ओढलेले असते, आणि तो ताण मोजता येतो. यंत्र मेजावरून सुटले की ते वजन आणि भोवतालची चौकट दोन्ही एकाच वेगाने खाली येऊ लागतात; वजनाला ओढून धरणारे काही उरत नाही आणि ताण शून्यावर येतो. मुक्तपणे पडणाऱ्या माणसाला स्वतःचे वजन जाणवणार नाही, हा विचार आल्बर्ट आइनस्टाइन ह्यांना १९०७ साली बर्न येथील पेटंट कार्यालयात काम करीत असता सुचला होता, आणि त्यातून गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त पुढे उभा राहिला. त्याच विचाराचा एक घरगुती उपयोग लॅपटॉपमध्ये झाला. वजन नाहीसे झाले, म्हणजे आधार सुटला, एवढे यंत्राला कळते आणि ते हेडला तत्काळ बाजूला होण्याची आज्ञा देते.

आय.बी.एम. कंपनीने २००३ साली आपल्या थिंकपॅड जातीच्या लॅपटॉपांत ही सोय आणली. मोटारीत अपघाताच्या क्षणी हवेची उशी फुगविणारा जो संवेदक असतो, त्यावरून ही कल्पना घेतलेली होती. अ‍ॅपल कंपनीने २००५ साली आपल्या पॉवरबुकमध्ये असाच संवेदक बसविला आणि पाठोपाठ इतर कंपन्यांनीही आपापल्या नावांनी ही योजना स्वीकारली. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण मराठीत खोट्या ऐटीची थट्टा करण्यासाठी वापरतात. ह्या यंत्राने मात्र पडता पडता नाक वर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरविला!

ह्या संवेदकाचा आणखीही एक उपयोग झाला. हादरा ओळखणारे उपकरण घरोघरच्या यंत्रांत आयतेच बसलेले आहे, तर त्यांचे जाळे विणून भूकंपाची नोंद का घेऊ नये, असा विचार अमेरिकेतील एलिझाबेथ कॉक्रन आणि जेसी लॉरेन्स ह्या भूकंपशास्त्रज्ञांनी केला, आणि २००८ साली स्वयंसेवकांच्या लॅपटॉपांवर चालणारे ‘क्वेक-कॅचर नेटवर्क’ सुरू झाले. स्वतःच्या बचावासाठी ठेवलेला पहारेकरी असा शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडला.

परंतु पहारेकऱ्याच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. मेजावरून पडताना चार दशांश सेकंद मिळतात; दहा सेंटिमीटरवरून आपटले तर दीड दशांशही मिळत नाही. यंत्र हातातच असताना दारावर आदळले, तर पडण्याची पूर्वसूचना मुळी मिळतच नाही. शिवाय ही योजना फक्त तबकडी वाचविते. पडद्याची काच, बिजागरी, विजेची खाच ह्यांना तिचा काही लाभ नाही. म्हणून मूळ कारणावरच इलाज करण्याचा दुसरा प्रयत्न झाला. अ‍ॅपलने २००६ साली विजेच्या तारेचे टोक लोहचुंबकाने चिकटविले. तारेत पाय अडकला तर तार सुटून येते आणि लॅपटॉप जागीच राहतो. जपानमधील स्वयंपाकघरांत उकळत्या पाण्याची भांडी कलंडू नयेत म्हणून ही युक्ती आधीच रूढ होती. पडत्याला सावरण्यापेक्षा पाडणारे कारण दूर करणे केव्हाही चांगले, हे त्या घरगुती भांड्यांनीच दाखविले होते.

आता तर बहुतेक नव्या लॅपटॉपांत फिरती तबकडी उरलेलीच नाही. तिची जागा स्थिर स्मृतीच्या चिपांनी घेतली आहे. तेथे तरंगणारे हेड नाही, म्हणून ते आपटण्याचे भयही नाही, आणि पतन-संवेदकाचे जुने काम तेथे संपले. जुन्या लॅपटॉपांत आणि खिशात घालून नेण्याच्या पुष्कळशा बाहेरच्या डिस्कांत मात्र तबकडी अजून फिरते आहे, आणि लग्नामुंजीची छायाचित्रे बहुधा अशाच डिस्कांत ठेवलेली असतात, ह्याचा विसर पडू नये.

नव्या यंत्रांच्या जाहिरातीत ‘लष्करी कसोटीस उतरलेले’ असे शब्द आता वारंवार दिसतात. त्यांचा अर्थही नीट पाहावयास हवा. अमेरिकन लष्कराच्या ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ ह्या मानकाच्या ‘जी’ आवृत्तीत पतनाची जी कसोटी दिली आहे, तिच्यात वस्तू १२२ सेंटिमीटर उंचीवरून २६ वेळा, काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंच जाडीच्या प्लायवूडवर पाडतात. पण ही २६ पतने पाच नगांपर्यंत वाटून घेण्याची मुभा त्याच मानकात आहे. चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करवून घेतो. लष्कर कोणाला प्रशस्तिपत्र देत नाही. तेव्हा कोणत्या उंचीवरून, कोणत्या पृष्ठभागावर, यंत्र चालू असताना की बंद असताना, असे तीन प्रश्न ग्राहकाने दुकानात विचारावेत. उत्तर मिळाले तर जाहिरातीला अर्थ आहे. न मिळाले तर ते नुसते शब्द.

पडण्यापासून बचाव झाला, तरी लॅपटॉपवर काम करणाऱ्याचे सर्व संकट टळत नाही. दुसरे संकट गर्दीचे. त्याच शिक्षकाच्या पडद्याकडे पाहिले तर वंशावळीचा तक्ता उघडा आहे, त्याच्याखाली बँकेचा हिशेब आहे, त्यावर नातवाचा गणिताचा धडा आहे, आणि एका कोपऱ्यात दूरदेशीच्या मुलीचे पत्र अर्धवट वाचलेले आहे. पडदा चौदा इंची, कामे दहा. शोधण्यातच वेळ जातो, आणि हिशेबाची खिडकी बंद करताना तक्त्याची बंद होते.

हा प्रश्न कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड ह्यांनी हाती घेतला, आणि १९८६ साली ‘रूम्स’ म्हणजे खोल्या ह्या नावाची रचना मांडली. त्यांची दृष्टी मोठी मार्मिक होती. संगणकाची स्मृती अपुरी पडली की सध्या लागणारा मजकूर जवळ ठेवावयाचा आणि बाकीचा दूर ठेवावयाचा, ही युक्ती संगणकशास्त्रात रूढ होती. माणसाच्या पडद्यालाही हाच न्याय त्यांनी लावला. माणूस एका वेळी एकाच कामाच्या तीन-चार खिडक्या वापरतो. मग तेवढ्या एका खोलीत ठेवाव्या, दुसऱ्या कामाच्या दुसऱ्या खोलीत, आणि एका खोलीतून दुसरीत जाण्यास दार असावे. स्वयंपाकघरात कोणी शिवणयंत्र ठेवीत नाही, तसेच हे.

ह्याच जातीची सोय आज ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’, म्हणजे आभासी मेज, ह्या नावाने ओळखली जाते. लिनक्सच्या जगात ती विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रुळलेली होती. अ‍ॅपलच्या संगणकांत ती २००७ साली आली, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये ती सर्वांच्या हाती दिली. विंडोज, कंट्रोल आणि ‘डी’ ह्या तीन कळा एकदम दाबल्या की नवे मेज उघडते. विंडोज आणि कंट्रोल दाबून डावा वा उजवा बाण दाबला, की एका मेजावरून दुसऱ्यावर जाता येते. एकावर वंशावळ, दुसऱ्यावर हिशेब, तिसऱ्यावर नातवाचा अभ्यास. पडदा तेवढाच राहिला, पण काम करणाऱ्याच्या मनाला मोकळी जागा मिळाली.

येथेही मर्यादा आहेच. ह्या खोल्यांना कुलूप नाही. एका मेजावरून दुसऱ्यावर कोणीही जाऊ शकतो. म्हणून गुप्त कागद दुसऱ्या मेजावर ठेवला म्हणजे लपला, असे समजू नये. त्यासाठी स्वतंत्र खाते आणि संकेतशब्द हवा. खोल्या अनेक असल्या तरी संगणकाची स्मृती एकच असते. पाच मेजांवर पन्नास खिडक्या उघडल्या, तर यंत्र मंदावणारच. विंडोजमध्ये एखादे मेज बंद केले तर त्यावरील खिडक्या नष्ट होत नाहीत, शेजारच्या मेजावर येऊन बसतात. मात्र मजकूर जतन न करताच यंत्र बंद पडले, तर कोणतेही मेज तो परत देत नाही.

ह्या दोन सोयी वरवर अगदी निराळ्या दिसतात. एक तळातील तबकडीसाठी, दुसरी वरच्या पडद्यासाठी. पण दोहोंचे मर्म एकच आहे. पहिली माणसाला थोडासा वेळ मिळवून देते, दुसरी थोडीशी जागा मिळवून देते. मिळालेल्या वेळेचे आणि जागेचे काय करावयाचे, हे मात्र ती सांगत नाही. ज्याने आपल्या श्रमाची दुसरी प्रत काढली नाही, त्याला पतन-संरक्षण फार तर एका पडण्यातून वाचवील. चोरीतून, पुरातून, आगीतून किंवा चिप निकामी होण्यातून वाचविणार नाही. जाणकार म्हणूनच साधा नियम सांगतात: मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत घराबाहेर असावी. आणि ती प्रत अधूनमधून उघडूनही पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न वटविलेली हुंडी.

तेव्हा त्या निवृत्त शिक्षकाने आज संध्याकाळी एवढेच करावे. विजेची तार चालण्याच्या वाटेवरून काढून भिंतीकडेने घ्यावी. वंशावळीला एक स्वतंत्र मेज द्यावे. आणि त्या ध्वनिमुद्रित आठवणींची एक प्रत परगावच्या मुलीकडे धाडावी. मग नातू घरभर धावला तरी चालेल. उद्या मेजावरून पडलेच काही, तर ते यंत्र पडेल. घराण्याचा आवाज पडणार नाही.