भरतीच्या वेळची जागा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



ज्या संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, तिच्या व्यासपीठावरून दीर्घकालीन नियोजनाविषयी बोलताना फारसे समजावून सांगावे लागत नाही. आलेले दान त्याच वर्षी संपवायचे नसते. कायम निधीला हात न लावता त्याच्या व्याजातून कार्य चालवायचे असते, हे येथील प्रत्येक विश्वस्त जाणतो. हाच विवेक समुद्रकाठच्या वन्यजीव अभयारण्यांच्या बाबतीत आपण कसा बाळगावा, याविषयी आज चार विचार मांडतो.

अभयारण्य घोषित झाले, फलक लागला, की तेथील जीव सुरक्षित झाले, असा आपला समज असतो. इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत पेलिकन आयलंड नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्या काळी स्त्रियांच्या टोप्या सजवण्यासाठी पिसांना मोठी मागणी होती आणि त्यापायी पक्ष्यांची बेसुमार हत्या चाले. ती थांबावी म्हणून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०३ मध्ये हे बेट पक्ष्यांसाठी राखीव केले. पॉल क्रोगेल नावाचा एक जर्मन स्थलांतरित महिना एक डॉलर वेतनावर त्याचा पहिला रखवालदार झाला. बंदूकधारी शिकारी थांबले. परंतु लाटांना कोण थांबवणार? पुढील काही दशकांत बेटाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याने झिजवला. अखेर किनाऱ्याशी शिंपल्यांचे थर रचून आणि नवी लागवड करून उरलेले बेट सावरावे लागले.

मेरीलँड राज्यातील ब्लॅकवॉटर अभयारण्याची कथा याहून बोलकी आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यातील पाच हजार एकरांहून अधिक गवताळ दलदल पाण्याखाली गेली. समुद्राची पातळी वाढत होती, जमीन खचत होती आणि बाहेरून आणलेले न्यूट्रिया नावाचे उंदीरवर्गीय प्राणी गवताची मुळे खात होते. १९९७ च्या कायद्यानुसार तेथे प्रत्येक राष्ट्रीय अभयारण्याचा पंधरा वर्षांचा आराखडा करणे बंधनकारक आहे. ब्लॅकवॉटरच्या संवर्धकांनी त्याही पलीकडे दृष्टी टाकली. २०१३ मध्ये त्यांनी इ. स. २१०० पर्यंतचा विचार मांडला. पाणी चढत जाईल तसे दलदलीचे गवत आतल्या, उंच जमिनीकडे सरकेल. तर ते जेथे सरकेल ती जमीन आजच ओळखून राखून ठेवावी, असा त्याचा गाभा होता. म्हणजे आजच्या अभयारण्याबरोबर उद्याच्या अभयारण्याचीही तजवीज.

आता आपल्या दाराशी येऊ. ठाणे खाडीचा सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये सभोवतालच्या क्षेत्रासह सुमारे ६,५२१ हेक्टरच्या या पाणथळीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हजारो रोहित पक्षी येथे उतरतात. छोटा रोहित मुख्यतः चिखलातील सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा रोहित पाण्यातील बारीक जीव टिपतो. दोघांचे ताट वाढले जाते ते ओहोटीला, जेव्हा खाडीतील चिखल उघडा पडतो.

मग भरती आल्यावर हे पक्षी जातात कोठे? चिखल बुडाला की त्यांना उभे राहण्यापुरते उथळ पाणी लागते. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळील जागा, नवी मुंबईतील सीवूड्स-नेरूळ परिसरातील तळी, हे त्यांचे भरतीच्या वेळचे विसावे आहेत. यांपैकी बऱ्याच जागा अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तळ्यात खाडीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याने तळे कोरडे पडले आणि काही रोहित पक्षी मृत्युमुखी पडले. नागरिकांनी आवाज उठवला आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळे संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली. अभयारण्यातील पक्ष्यांचे आयुष्य अभयारण्याबाहेरच्या तळ्यावर अवलंबून असते, हा धडा यातून घ्यावयाचा.

दिवसातून दोनदा येणारी भरती आणि शतकभर हळूहळू चढणारा समुद्र, यांची मागणी एकच आहे : मागे सरकायला जागा द्या. ब्लॅकवॉटरच्या मागे शेते आणि राने आहेत. आपल्या कांदळवनांच्या मागे मात्र बहुतेक ठिकाणी भिंती, रस्ते आणि इमारती उभ्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा विनाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरील आघात ठरवला आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले. हा पट्टा म्हणजे येणाऱ्या पिढ्यांचा कायम निधी समजावा. तो एकदा खर्च झाला, की पुन्हा जमा होत नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. झाडे लावणे म्हणजेच संवर्धन, असे आपण सद्भावनेने मानतो. परंतु खाडीत गाळ साचतो, त्यावर कांदळवन पसरते आणि रोहितांचा उघडा चिखल आक्रसतो. म्हणून कोठे झाडे वाढू द्यायची आणि कोठे चिखल मोकळा ठेवायचा, हे अभ्यासाने ठरवावे लागते. त्यासाठीच आराखडा लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने अभयारण्याचे व्यवस्थापन संमत आराखड्यानुसारच करण्याचे बंधन घातले आहे. मात्र अधिकारी बदलतात, शासने बदलतात. आराखड्याची आठवण समाजाने ठेवावी लागते.

आपला समाज व्यापारात आहे, बांधकामात आहे, विश्वस्त संस्थांत आहे. जमीन घेताना तिच्या पाठीमागे खाडी आहे का, भरतीचे पाणी येण्याचा मार्ग आपल्या भरावाने बंद होतो का, एवढे विचारावे. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा पाणथळीच्या बाजूनेही एक पत्र जावे. आणि जीवदयेसाठी दिलेल्या दानातील काही वाटा वर्षानुवर्षे चालणाऱ्या पक्षिगणनेला व पाण्याच्या तपासणीला द्यावा. जखमी पक्ष्यावरील उपचार हे पुण्यकर्म आहेच. पण त्याचे तळे कोरडे पडू न देणे हीही तितकीच मोठी दया आहे.

संस्थेच्या शताब्दीच्या वेळी आपल्यापैकी अनेक जण नसतील. त्या वर्षीही भरतीच्या वेळी खाडीकाठच्या पक्ष्यांना टेकायला जागा असेल की नाही, हे आपण आज कोणती जमीन मोकळी सोडतो यावर ठरणार आहे.