नर्सिंग होममधील हक्क आणि हात

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटे खासगी इस्पितळ. अमेरिकेत मात्र जराजर्जर, अंथरुणास खिळलेल्या माणसांचे ते बहुधा अखेरचे घर असते. १९६५ साली तेथे मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना आली आणि सार्वजनिक पैशावर हा खासगी धंदा फोफावला. आजही बहुसंख्य गृहे नफ्यासाठीच चालतात.

१९८७ च्या कायद्याने तेथील रहिवाशांना हक्क दिले. त्यांचा छळ होऊ नये, कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी त्यांना खुर्चीस जखडू नये वा गुंगीच्या औषधांनी निपचित पाडू नये, तक्रार केली म्हणून सूड उगवू नये. सरकारी मालकीच्या गृहांविरुद्ध यांपैकी काही हक्कांसाठी दावा लावता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. तो स्वागतार्हच आहे.

पण कूस बदलून द्यायला माणूसच नसेल, तर पाठीला पडणाऱ्या जखमा कोणता हक्क थांबवणार? छळ करणारा निदान दाखवता तरी येतो. हेळसांडीचा उगम पगारपत्रकात असतो. मजुरी हा या धंद्यातील सर्वांत मोठा खर्च. नफा वाढवायचा तर कात्री तेथेच लागते. मे २०२४ मध्ये शासनाने प्रत्येक रहिवाशामागे रोज किमान ३.४८ तासांच्या शुश्रूषेचा नियम केला. अल्प वेतनावर राबणाऱ्या सेविकांच्या संघटनांनी तो उचलून धरला; मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये टेक्ससमधील न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द केल्या आणि जुलैत तेथील संसदेने अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखून धरली. हक्कांचा कायदा मात्र शाबूत आहे.